भट्टीशेजारच्या खांबावरची पेटी

येलहंक्याच्या पुढे, दोड्डबळ्ळापूर रस्त्याला आमचा कारखाना आहे. ट्रॅक्टरचे गिअर बनतात तिथे. मी तपासणी खात्यात काम करते. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतले चार-दोन गिअर माझ्या टेबलावर येतात, मी त्यांची मापं घेते, पुरेसे कठीण झालेत का ते बघते, आणि मग ती खेप पुढे जाते. एकवीस वर्षं हेच करतेय. राहायला चामराजपेटला. आमचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आमच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याकडचा कुणी पाहुणा आला की दोन मिनिटं ऐकतो आणि विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगते, "इथलेच."

कारखान्यात कन्नड, हिंदी, तमिळ, तेलुगू सगळं चालतं. मराठीत बोलायला मला एकच माणूस, भट्टीवरचे अण्णा. निपाणीकडचे. लालभडक तापलेले गिअर भट्टीतून काढून तेलाच्या टाकीत बुडवायचे, हे त्यांचं काम. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, तरी मला अक्काच म्हणतात. त्यांच्याकडे 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात. सुरुवातीला माझा फार गोंधळ व्हायचा. "गिअर चांगला झालाय, खरं जरा थांबा," असं ते म्हणायचे आणि मी विचार करत बसायची की यात खोटं काय असणार.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक माणूस कामावर असताना गेला. ग्राइंडिंगला होता, वय बेचाळीस. चहा पिऊन मशीनकडे आला आणि उभ्याचा आडवा झाला. आम्ही सगळे धावलो. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणायला कॅन्टीनकडे पळालं. तो मधूनच घोरल्यासारखा आवाज काढत होता. आम्ही एकमेकांना सांगत होतो, श्वास चाललाय, श्वास चाललाय. मग कंपनीच्या जीपमध्ये घालून नेलं. गेटासमोर लॉरी आडवी लागली होती, ती हलवण्यात वेळ गेला. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

पंधरा दिवसांनी त्याची बायको सामान न्यायला आली. बरोबर तिचा भाऊ होता, तो ऑफिसात कागदांवर सह्या करत बसला. बाईमाणूस म्हणून मला तिच्याबरोबर लॉकरकडे पाठवलं. एक कंगवा, अर्धा साबण, एक बनियन आणि डब्याचं झाकण. तिनं सगळं पिशवीत ठेवलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, ते पडले तेव्हा कुणी काय केलं?"

मी म्हटलं, "पाणी मारलं. वारा घातला. जीपमधून नेलं."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी मात्र ते उत्तर पुढे कितीतरी दिवस चघळत राहिले. इतकी माणसं होतो आम्ही, आणि सांगण्यासारखं एवढंच? ती बाई आता हासनकडे माहेरी असते असं ऐकलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिच्या प्रश्नानं झाली हे तिला माहीतही नसेल. तिचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते.

सुरक्षा समितीच्या बैठकीत मी सहसा बोलत नाही. त्या महिन्यात बोलले. तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेवढंच सांगितलं. आमचे मॅनेजर तमिळ, बोलायला तुटक, हसताना कुणी पाहिलेले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही तेव्हा कुठे उभ्या होता?"

"त्याच्या पायाशी, सर."

"मी डोक्याशी," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी पेटी आली. डिफिब्रिलेटर असं तिचं नाव, पण ते कुणाच्या जिभेला वळेना. कामगार तिला 'हार्ट पेट्टिगे' म्हणायला लागले, पेट्टिगे म्हणजे पेटीच. दिसायला मुलांच्या टिफिन बॅगेएवढी, वर हँडल. स्टोअरवाल्यानं ती जपून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं.

आम्हाला शिकवायला जवळच्या हॉस्पिटलमधली एक मल्याळी नर्स आली. बुटकी, पन्नाशीची, आवाज मात्र खणखणीत. आम्ही बारा जण निवडले गेलो होतो. समितीला एक तरी बाई हवी होती, म्हणून मी. नर्सनं आल्या आल्या विचारलं, "पेटी कुठे आहे?"

"एकदम सेफ, मेडम," स्टोअरवाला म्हणाला. "कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली?"

"माझ्याकडे."

"आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा?"

सगळे हसले. ती हसली नाही. ती म्हणाली, "जा, घेऊन या. मी घड्याळ बघते." तो गेला, किल्ली शोधली, कपाट उघडलं, पुढचे दोन खोके बाजूला केले आणि पेटी घेऊन आला, तेव्हा तिनं मनगट पुढे करून त्याला घड्याळ दाखवलं. "एवढ्या वेळात माणूस हातातून जातो," ती म्हणाली. त्याच दिवशी पेटी कपाटातून निघाली आणि भट्टीशेजारच्या खांबावर, कुणालाही हात पोचेल अशी, बिनकुलपाची लागली.

तिनं आम्हाला शाळेतल्या मुलांसारखं समजावलं. हृदय कधी कधी बंद न पडता नुसतं थरथरतं. थरथरणाऱ्या हृदयातून रक्त पुढे जात नाही. आपण छाती दाबतो ती मेंदूपर्यंत थोडं तरी रक्त पोचावं म्हणून. ती थरथर थांबवायचं काम पेटीचं. पेटी स्वतः तपासते, गरज असेल तरच शॉक देते, म्हणून आपल्या हातून कुणी मरेल ही भीती सोडा. बरगडी मोडेल, पण मोडलेली बरगडी जुळते. मग ती म्हणाली, "घोरल्यासारखा आवाज आला तर त्याला श्वास समजू नका. तो श्वास नसतो."

आमच्यातल्या कुणीही कुणाकडे पाहिलं नाही.

"तुमच्याकडे वीज आहे, उष्णता आहे, जड ओझी आहेत," ती म्हणाली, "आणि गेटापासून मोठ्या रस्त्यापर्यंत लॉऱ्यांची रांग आहे. मी येताना त्यातूनच आले. अँब्युलन्स कितीही धावली तरी तुमच्याआधी पोचणार नाही. पहिली काही मिनिटं तुमचीच."

नंतर तिनं एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी तिची जन्मभर ऋणी राहीन. ऑफिसातली सतरंजी गुंडाळायला लावली आणि रबरी पुतळा उचलून सरळ भट्टीजवळ नेला. "इथे करून दाखवा." मी गुडघे टेकले, पेटी उघडली, आणि पेटीतला आवाज कुणालाच ऐकू येईना. शेजारी कॉम्प्रेसर घणघणत होता. ऑफिसात आम्ही कितीही सराव केला असता तरी हे कळलं नसतं. मग कामं ठरली. इलेक्ट्रिशियननं कॉम्प्रेसर बंद करायचा. गेटावरच्या वॉचमननं लॉऱ्या हटवून रस्ता मोकळा ठेवायचा. फोर्कलिफ्टवाल्यानं अँब्युलन्सला फोन करायचा आणि मग छाती दाबायला यायचं, कारण त्याचे हात सगळ्यात भक्कम. पेटी इंग्रजीत बोलते, म्हणून ती काय म्हणते ते मी मोठ्यानं कन्नडमध्ये सांगायचं.

अण्णा हे सगळं भट्टीला टेकून बघत होते. "अक्का," ते म्हणाले, "ही पेटी माझ्या भट्टीला लावून बघा की. तीबी कधीमधी बंद पडती."

त्यानंतर वर्षभर पेटी खांबावर नुसती होती. दर सोमवारी तिचा हिरवा दिवा बघायचा आणि वहीत सही करायची, एवढाच तिचा आमचा संबंध.

तो शनिवार होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी तपासणीचे तुकडे घ्यायला भट्टीकडे गेले. अण्णा सकाळपासून गप्प होते, कपाळावर घाम. भट्टीवर घाम नवा नाही, पण हा घाम थंड दिसत होता.

"अण्णा, बरं नाही का?"

"पित्त झालंय. सोडा पिऊन आलोय. हुईल बरं."

"दवाखान्यात तरी दाखवून या."

"जातो, खरं ही एवढी खेप काढतो."

एवढं बोलून ते चिमटा घ्यायला वळले आणि तो चिमटा खणकन खाली पडला. मागोमाग अण्णा पडले. हळूच, भिंतीला घासत, बसल्यासारखे, आणि मग आडवे.

मी खांदे हलवले. "अण्णा! अण्णा!" डोळे अर्धवट उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. मग त्यांच्या घशातून तो आवाज आला. घोरल्यासारखा, एकदाच. मला तो ओळखता आला. त्या क्षणी मला काय वाटलं हे लोक विचारतात. काही वाटलं नाही. फक्त हे दुसऱ्यांदा होतंय, आणि या वेळी मला काय करायचं ते माहीत आहे, एवढंच.

मी ओरडले, "पेट्टिगे! कॉम्प्रेसर ऑफ माडी!" पेटी आणा, कॉम्प्रेसर बंद करा.

टाकीजवळची जमीन तेलानं बुळबुळीत होती. फोर्कलिफ्टवाला कानाला फोन लावूनच धावत आला, त्यानं एका काखेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि आम्ही अण्णांना कोरड्या वाटेवर ओढलं. कुणीतरी भट्टीचं दार लावलं. मी छाती दाबायला लागले. पहिल्या काही दाबांतच काहीतरी कटकन मोडलं. माझे हात क्षणभर थांबले. मग नर्स आठवली, आणि पुन्हा सुरू झाले.

तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबला. एकवीस वर्षांत भर शिफ्टमध्ये ती शांतता मी कधी ऐकली नव्हती.

कुणीतरी खांबावरची पेटी आणून माझ्याशेजारी ठेवली. फोर्कलिफ्टवाल्यानं माझी जागा घेतली. मी पेटीतल्या कात्रीनं अण्णांचा शर्ट मधोमध कापला, गळ्यातला ताईत बाजूला सारला. पेटीला वायरनं जोडलेले दोन चिकट पट्टे छातीवर लावायचे असतात. पहिला पट्टा चिकटेना, छातीवर घाम आणि तेल. टॉवेलनं खसाखसा पुसलं, पुन्हा लावला, बसला. दुसरा लावला. पेटी म्हणाली की आता तपासतेय, हात लावू नका.

"यारू मुट्टबेडी!" मी ओरडले. कुणी हात लावू नका. सगळे मागे सरले. मॅनेजर कधी येऊन उभे राहिले होते कळलंच नाही, तेही दोन पावलं मागे गेले.

पेटीनं शॉक हवा असं सांगितलं. बटण लुकलुकायला लागलं. मी एकदा सगळ्यांच्या हातांकडे पाहिलं आणि दाबलं. अण्णांचं अंग झटक्यानं उचललं गेलं आणि पडलं. बस, एवढंच. पेटी लगेच म्हणाली, दाबत राहा. आम्ही आळीपाळीनं दाबत राहिलो. माझे दंड भरून आले, गुडघ्याखाली लोखंडाचा कीस रुतत होता. पेटीनं पुन्हा तपासलं आणि या वेळी म्हणाली, शॉकची गरज नाही.

मला वाटलं, संपलं. शॉक नको म्हणजे आता काही उपयोग नाही, असाच अर्थ मी घेतला. पण पेटी पुढे बोलत होती, दाबत राहा. फोर्कलिफ्टवाल्यानं पुन्हा दाबायला सुरुवात केली. पाच-सहा वेळा दाबलं असेल, आणि अण्णांचा हात उठला. लटपटत वर आला आणि त्यानं फोर्कलिफ्टवाल्याचं मनगट ढकललं. दुखतंय, सोड, असं झोपेत माणूस ढकलतो तसं.

रायचूरकडचा तो सहा फुटी गडी, मोठमोठी खोकी हसत उचलणारा, तिथेच फतकल मारून बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

अँब्युलन्स आली तेव्हा गेट उघडं होतं, आणि वॉचमननं तीन लॉऱ्या रस्त्याच्या कडेला लावून ठेवल्या होत्या.

मी अण्णांबरोबर हॉस्पिटलमध्ये गेले. त्यांना आत नेलं. थोड्या वेळानं त्यांची बायको आली. येलहंक्याच्या जुन्या गावात, रेल्वेच्या बाजूला राहतात ते. ती भाकऱ्या थापता थापता उठून आली होती, हाताला ज्वारीचं पीठ तसंच होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले, माझ्या तेलकट हातांना तिचं पीठ लागलं. तिनं विचारलं, "अक्का, काय झालं ओ त्यास्नी?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते पडल्यावर कोण कुठून धावलं, कुणी काय धरलं, कुणी काय बंद केलं, पेटीनं काय केलं. सांगायला इतकं होतं की मलाच नवल वाटलं. ती प्रत्येक माणसाचं काम ऐकलं की कपाळाला हात लावून नमस्कार करत होती. फोर्कलिफ्टवाल्याला नमस्कार, इलेक्ट्रिशियनला नमस्कार, वॉचमनला नमस्कार.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. हृदयाची एक नळी पूर्ण बंद होती, ती उघडली होती. तरुण डॉक्टर होते, दमलेले. "शॉक कुठे दिला?" त्यांनी विचारलं. कारखान्यात दिला म्हटल्यावर ते भिंतीला टेकले. "तुम्ही त्यांना जिवंत आणून दिलंत म्हणून मला काही करता आलं," ते म्हणाले. "नाहीतर आमच्याकडे येऊन काही उपयोग नसतो." मॅनेजर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि निघून गेले. सोमवारी कळलं, त्यांनी दुसरी पेटी मागवली होती, मागच्या शेडसाठी. गेटावर एक पाटीही लागली, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत: आसपासच्या कुठल्याही कारखान्याला गरज पडली तर आमची पेटी न विचारता घेऊन जावी. आमच्या ओळीत आठ-दहा माणसांची कितीतरी वर्कशॉप आहेत. त्यांच्याकडे कधी अशी पेटी येणार?

त्या शनिवारी मी बसनं घरी निघाले. इथे बायकांना बस फुकट, म्हणून कंडक्टरबाईनं आधार कार्ड दाखवा म्हटलं, आणि पर्समध्ये घालायला माझा हातच वर उठेना. दोन्ही दंड लाकडासारखे झाले होते. मी तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम रडू फुटलं. दिवसभर आलं नव्हतं ते तिथे, भर बसमध्ये. तिनं माझे कपडे पाहिले, तेलाचे, पिठाचे डाग पाहिले. काही विचारलं नाही. "सरी, बिडी अक्का," म्हणाली, म्हणजे असू दे, आणि स्वतःच्या सीटवर मला बसवलं. माझा मार्केटचा थांबा येईपर्यंत ती उभीच होती. त्या दिवशी ज्यांचे उपकार झाले त्यांत तीही एक, तिला हॉस्पिटलचं काही ठाऊक नव्हतं तरी.

अण्णा अडीच महिन्यांनी कामावर आले. भट्टीवरचं काम त्यांना बंद, आता ते माझ्याच खात्यात बसून काम करतात, शेजारच्या टेबलावर. पहिल्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं काहीतरी गंभीर बोलणार, मी मनातल्या मनात सावरून उभी राहिले.

"अक्का, माझा नवा शर्ट फाडलासा की ओ."

"अण्णा, बरगडीपण मोडली."

"ती जुळली. शर्टाचं काय?"

मग दोघंही हसलो. हसता हसता त्यांनी छाती धरली, कारण बरगड्या अजून दुखत होत्या, आणि मी पटकन पुढे झाले. ते म्हणाले, "भिऊ नका, हसू येतंय, खरं हसवत न्हाई." त्यापलीकडे त्यांनी कधी आभार मानले नाहीत. मला ते नकोही होते. रोज सकाळी शेजारच्या टेबलावरून "अक्का, जेवाण काय आणलंय?" असा आवाज येतो, तेवढ्यानं माझं भरून पावतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी अण्णा आणि त्यांची बायको आमच्या चामराजपेटच्या घरी आले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दह्याची लोटी, सगळं बांधून. जेवणं झाली. मी सुपारी काढली. अण्णांची बायको उठून माझ्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, एक मागू?"

"मागा ना."

"मलाबी शिकवा. ते दाबायचं. घरात आमी दोघंच."

आमच्याकडे बैठकीत एक जाड लोड आहे, कापसानं गच्च भरलेला. तो मी जमिनीवर आडवा ठेवला. तिनं पदर खोचला, गुडघे टेकले. मी तिचे तळहात एकावर एक ठेवून दिले, कोपरं सरळ करायला सांगितलं. तिनं हलकेच दाबलं.

"अजून जोरात," मी म्हटलं.

"दुखंल की त्यास्नी."

"दुखू दे."

अण्णा खुर्चीत बसून सुपारी चघळत बघत होते. "कणिक मळतीयास काय? दाब की चांगलं," ते म्हणाले.

"तुम्ही गप बसा ओ," ती मागे न बघता म्हणाली, आणि इतक्या जोरात दाबलं की लोडाच्या शिवणीतून कापूस बाहेर आला.